टेकडीवरचा कांदा

वाचकहो, अमेरिका पाहून आलेला माणूस उंच इमारतींच्या, रुंद रस्त्यांच्या गोष्टी सांगतो. आम्ही मात्र कांद्याची गोष्ट सांगणार आहोत. हसायचे असेल तर आधीच हसून घ्या. आमच्या मनमाडच्या शेजाऱ्यांनी तर पोटभर हसून घेतले. "लासलगावच्या उशाला उभा जन्म काढला, अन् कांदा बघायला सातासमुद्रापार गेले का हो तुम्ही?" असे एकाने विचारलेही. त्यांचेही चूक नाही. ज्या मुलखात कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडतो, त्या मुलखातल्या माणसाने कांद्याचे काय कौतुक सांगावे!

पण हा कांदा बाजारात येत नाही. तो कुणी पेरत नाही, कुणी काढत नाही, आणि आयडाहो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या काही टेकड्या सोडल्या तर जगाच्या पाठीवर कुठेही उगवत नाही.

आमची मुलगी आणि जावई दोघेही बॉइसी या गावी नोकरी करतात. बॉइसी म्हणजे आयडाहोची राजधानी. नकाशात पाहिले तर अमेरिकेच्या वायव्येला, समुद्रापासून दूर, डोंगरांच्या कुशीत हे शहर सापडेल. २०२४ च्या मार्च अखेरीस आम्ही दोघे नवराबायको तिकडे गेलो. मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅम, तिथून सॉल्ट लेक सिटी आणि मग लहान विमानाने बॉइसी. रेल्वेच्या नोकरीत आम्ही पासावर पुष्कळ प्रवास केला, पण एवढे बसून राहण्याची सवय नव्हती. पाय सुजले होते. आमच्या पत्नीने विमानतळावर उतरल्या उतरल्या मुलीला जवळ घेतले, नातीला उचलण्याचा प्रयत्न केला आणि मग समोर पाहून म्हणाली, "अगं, हे तर आपल्याकडचंच रान आहे की! उन्हाळ्यातलं."

तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. अमेरिका म्हणजे हिरवीगार असे आमच्या मनात होते. इथे तर शहर संपते न संपते तोच भुऱ्या, उघड्या टेकड्या सुरू होतात. त्यांच्या मागे उंच डोंगर, त्यांच्या माथ्यावर मार्च महिन्यात अजून बर्फ. या भागात वर्षाला जेमतेम अकरा-बारा इंच पाऊस पडतो. आपल्या मनमाड-येवल्याकडच्या दुष्काळी पट्ट्यातही त्याहून बरा पडतो. त्यातही आपल्या उलट प्रकार. तिथे पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात आणि वसंतात, उन्हाळा ठणठणीत कोरडा. म्हणून झाडाझुडपांना जे काय करायचे ते मार्च ते मे एवढ्या दिवसांत उरकून घ्यावे लागते. पुढे जूनपासून रान वाळते.

या टेकड्यांवर मुख्य राज्य एका झुडपाचे आहे, त्याला तिकडे सेजब्रश म्हणतात. कमरेएवढे वाढते, रंग राखाडी-हिरवा. पानाच्या टोकाला तीन बारीक दात असतात आणि पानावर बारीक लव असते, त्यामुळे दुरून सारी टेकडी राखेने माखल्यासारखी दिसते. पान चुरगळून नाकाशी नेले की डोक्यात जाणारा कडू, औषधी वास येतो. आमच्या पत्नीने वास घेतला आणि म्हणाली, "दवण्याच्या कुळातलं दिसतंय." मुलीने लगेच मोबाईलवर शोधले, तर ते बरोबर निघाले! आपल्याकडे बाजारात जुडीने मिळणारा दवणा आणि हा सेजब्रश एकाच कुळीचे चुलतभाऊ आहेत. दवण्याचा वास गोड, याचा उग्र, एवढाच फरक. चौथी पास बाईने एका वासावरून ओळखलेली गोष्ट शोधायला पदवीधर मुलीला यंत्र लागले, हे आम्ही त्या दिवशी दोनदा बोलून दाखवले. दुसऱ्यांदा कुणी हसले नाही.

आता आमच्या पत्नीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, त्याशिवाय पुढचे समजणार नाही. तिचे माहेर निफाड तालुक्यातले. लहानपणापासून लग्न होईपर्यंत, आणि लग्नानंतरही आमचा पगार पुरेनासा होई त्या वर्षी, ती कांद्याच्या कामाला रोजाने गेली. रोप लावणी, निंदणी, काढणी, माना कापणे, चाळीत भरणे, सगळे केले. वाफ्यात चिखलात उकिडवे बसून दिवसभर एकेक रोप अंगठ्याने दाबत मागे सरकायचे. पोळ, रांगडा, उन्हाळ, तिन्ही हंगाम तिच्या कमरेत अजून आहेत, असे डॉक्टर नव्हे, तीच सांगते. एका मालकाकडे दुपारच्या भाकरीबरोबर वाफ्यातला कांदा फोडून खाल्ला तर तोही संध्याकाळी हिशेबात धरत. असो. तर कांदा म्हटला की तिचा हात आपोआप मातीकडे जातो.

मुलीच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहतात, शाळेत शिक्षिका होत्या. जन्म त्याच गावात. त्यांना रानातल्या फुलांचा नाद. एप्रिलच्या मध्यावर एका रविवारी त्या म्हणाल्या, "चला, तुमच्या आईवडिलांना आमचा कांदा दाखवते." मुलीने आम्हाला मराठीत सांगितले तेव्हा आमच्या पत्नीला वाटले, बाईंच्या परसातला कांदा असेल. ती पिशवी घेऊन निघाली.

बॉइसीच्या टेकड्यांवर पायवाटांचे मोठे जाळे आहे. लोक चालायला, पळायला, सायकल घेऊन, कुत्री घेऊन येतात. पाऊस पडून वाट चिखलाची झाली असेल तर येऊ नका, अशी विनंती असते, कारण चिखलातली पावले वाळून वाट मोडते आणि लोक वाट सोडून कडेने, झाडांवरून चालू लागतात. आम्हाला ही गोष्ट आवडली. कुणी दंडुका घेऊन उभा नव्हता, तरी पुष्कळजण ऐकत होते. सगळेच ऐकत होते असे नाही.

चढण फार नव्हती, पण वाळू होती. जाड, भरड, पिवळसर वाळू, पाऊल मागे सरकावणारी. डोंगरावर वाळू कुठून आली? बाईंनी सांगितले ते असे. लाखो वर्षांपूर्वी या भागात एक अफाट सरोवर होते. आज त्याला प्राचीन आयडाहो सरोवर म्हणतात. त्याच्या काठाला, नद्यांच्या मुखाशी जी वाळू साचली ती सरोवर आटल्यावर तशीच राहिली, पुढे तिच्या टेकड्या झाल्या. आपण उभे आहोत तो एका नाहीशा झालेल्या पाण्याचा काठ आहे. आमचा कांदा याच वाळूत राहतो. चिकणमातीत नाही, खडकात नाही. दक्षिणेकडे तोंड असलेल्या, उन्हाच्या, उघड्या, वाळूच्या उतारावर त्याचे घर. जिथे दुसरे फारसे कुणी टिकत नाही, तिथे तो टिकतो. पण जिथे दुसऱ्यांची दाटी होते तिथून हा हद्दपार होतो.

अर्धा तास चालल्यावर बाई थांबल्या आणि जमिनीकडे बोट दाखवले. आम्हाला काही दिसेना. नात ओरडली, "आजी, पिंक!" तेव्हा दिसले. वाळूला अगदी चिकटून, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, गुलाबी फुलांचा एक झुबका. दोनच पाने, चपटी, जरा वाकलेली, फुलापेक्षा लांब. सगळे रोप मिळून दोन-तीन बोटे उंच. आपल्या कांद्याचा डेंगळा मांडीएवढा उंच जातो आणि त्यावर पांढरा गोळा येतो. हा म्हणजे डेंगळा जमिनीतच विसरून नुसता गोळा वर आला म्हणावा तसा. एक दिसला आणि मग डोळे सरावले, तसे इथे एक, तिथे तीन, पलीकडे पंधरा-वीस असे दिसू लागले. आपण त्यांच्यामध्येच उभे आहोत हे कळल्यावर आम्ही पाय कुठे ठेवावा या विचाराने बगळ्यासारखे एका पायावर उभे राहिलो.

या कांद्याचे शास्त्रीय नाव 'एलियम आसेई'. एलियम हे कांदा-लसणाच्या सगळ्या कुळाचे नाव, जगात या कुळाच्या नऊशेवर जाती आहेत. 'आसेई' हे एका बाईच्या नावावरून. हॅना आसे. (आसे असे म्हटले की नात विचारी, "कसे?") दक्षिण डाकोटात १८८३ साली जन्मलेल्या या बाईंनी १९१५ साली शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावच्या सरकारी कॉलेजात त्यांनी पस्तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. सूक्ष्मदर्शकाखाली गव्हाच्या आणि पुढे कांद्याच्या पेशींमधली गुणसूत्रे मोजणे हे त्यांचे काम. त्याच कॉलेजातले मरिअन ओन्बी हे कांद्याचे मोठे अभ्यासक. त्यांनी १९५० साली या कांद्याची वेगळी जात म्हणून शास्त्रात नोंद केली आणि आपल्या ज्येष्ठ सहकारी बाईंचे नाव तिला दिले. ज्या काळात बायकांना प्रयोगशाळेचे दार नीट उघडले जात नव्हते, त्या काळातल्या एका शिक्षिकेचे नाव आज या वाळूवर दर वसंतात गुलाबी रंगाने उमटते. आसेबाई १९८० साली वारल्या.

हे सगळे ऐकत आम्ही उभे होतो आणि आमची पत्नी मात्र उकिडवी बसली होती. वाफ्यात बसावी तशी. तिने एका रोपाच्या बुडाची वाळू बोटाने बाजूला केली, आणखी केली. आत सुपारीएवढा कांदा दिसला, वर करडा पापुद्रा. तिने वाकून वास घेतला आणि तोंड फुलवून म्हणाली, "कांदाच आहे गं! पुरा कांदा!"

"आई, हात नको लावू!" मुलगी एकदम मोठ्याने म्हणाली. इतक्या मोठ्याने, की पुढे गेलेले दोघे सायकलवाले वळून बघू लागले. शेजारीण बाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. आमच्या पत्नीला इंग्रजी येत नाही, चेहरे मात्र वाचता येतात. तिने क्षणात वाळू परत ओढली, दोन्ही अंगठ्यांनी बुड दाबले, जसे हजारो रोपांचे दाबले होते तसे, आणि बाटलीतले पाणी ओतायला गेली तर बाई म्हणाल्या, पाणी नको, त्याला सवय नाही. पाणी राहिले. तिने चार गोटे शोधून रोपाभोवती ठेवले. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. पिशवी रिकामीच होती.

परत येताना बाईंनी मुद्दाम आणखी एक रोप दाखवले, ते सांगणे इथे जरुरीचे आहे. त्यालाही बुडाशी कांदा, पाने गवतासारखी, फूल पिवळट पांढरे आणि तुऱ्यासारखे. याला तिकडे 'मरणाचा कॅमस' म्हणतात. पान, फूल, कांदा सगळे जहर. मेंढ्या खाऊन मरतात, माणसेही दगावली आहेत. ओळखायची खूण एकच सोपी, त्याला कांद्याचा वास येत नाही. आपल्याकडेही डोंगरात ज्याला रानकांदा म्हणतात तो खरा कांदा नव्हेच, तोही विषारी आहे. नाव कांदा म्हणून कुणी भाजीत घालायला जाऊ नये. आमच्या पत्नीने वास का घेतला ते तेव्हा बाईंच्याही ध्यानात आले, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

कॅमस हे नाव निघाले म्हणून त्याची खरी हकीकतही ऐका. मरणाच्या कॅमसचा सोयरा नसलेला, निळ्या फुलांचा एक खाण्याजोगा कॅमस या भागात आहे. या डोंगरांचे मूळचे रहिवासी शोशोनी आणि बॅनॉक लोक. त्यांच्या बायका टोकदार काठीने कॅमसचे कंद, रानकांदे आणि इतर मुळे खणून काढीत. कंद जमिनीत खड्डा करून, गरम दगडांवर झाकून, दिवसरात्र शिजवीत आणि हिवाळ्यासाठी सुकवून ठेवीत. बॉइसीचे खोरे हे त्यांचे एकत्र जमण्याचे ठिकाण. पुढे १८६२ साली जवळच्या डोंगरात सोने सापडले आणि गोऱ्या लोकांची रीघ लागली. १८६४ साली बॉइसीला शोशोनी लोकांशी करार झाला. तो करार वॉशिंग्टनच्या सिनेटने कधी मंजूरच केला नाही. तरी १८६९ साली त्या लोकांना त्यांच्या खोऱ्यातून उठवून दूर पूर्वेला फोर्ट हॉल येथे नेऊन बसवले.

त्याच्या आदल्या वर्षी, १८६८ साली, फोर्ट ब्रिजर येथे दुसरा एक करार झाला होता. बॅनॉक लोकांना त्यांचे कॅमसचे माळ राखून मिळायचे होते. पण लेखी करारात शब्द उमटला 'कॅन्सस'चा माळ! कॅन्सस हे तर शेकडो मैल दूरचे राज्य. कारकुनाची चूक म्हणा, काही म्हणा. कागदावर नाही म्हणून माळ यांचा नाही. गोऱ्या वसाहतवाल्यांनी आपली डुकरे त्या माळावर सोडली, डुकरांनी कंद उकरून खाल्ले. १८७८ साली त्यातून लढाई पेटली, तिला बॅनॉक युद्ध म्हणतात. ज्यांचे अन्न उकरले गेले, तेच हरले. कागदावरच्या एका शब्दाने काय होते हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. सातबाऱ्यावर नाव चढले नाही म्हणून कसलेली जमीन गेलेली माणसे आमच्या ओळखीत आहेत.

फोर्ट हॉलला गेलेल्या त्या लोकांचे वंशज आता दर वर्षी बॉइसीला आपल्या पूर्वजांच्या जागी एकत्र जमतात. २०१९ साली शहराने तिथल्या एका टेकडीच्या राखीव भागाला त्यांच्या 'चीफ ईगल आय' या पुढाऱ्याचे नाव दिले. आम्ही ती टेकडी पाहिली. तिच्या पायथ्याशी जुना तुरुंग आहे, १८७२ पासून १९७३ पर्यंत चालू होता. कैद्यांनी शेजारच्या डोंगरातून दगड फोडून त्याच्या भिंती बांधल्या. आता तो बघायला तिकीट आहे आणि शेजारी फुलबाग आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगावी की नाही याचा आम्ही विचार केला, कारण ती आमच्या घरची आहे.

मुलीचे घर टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. कर्जावर घेतलेले, पण स्वतःचे. तीन खोल्या वर, दोन खाली, पुढे अंगण. मनमाडच्या दोन खोल्यांत, भावंडे झोपल्यावर स्वयंपाकघरात दिवा लावून जी मुलगी शिकली, तिचे हे घर. आम्ही पहिल्या दिवशी भिंतीवरून हात फिरवून पाहिला, खोटे कशाला सांगा. पुढे एकदा चहाला आलेल्या शेजारीण बाई सहज बोलून गेल्या, की ही वसाहत झाली त्याआधी इथे वाळूचा उतार होता आणि त्या लहानपणी इथेच गुलाबी कांदे बघायला यायच्या. त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांचे स्वतःचे घरही त्याच उतारावर आहे, हे त्यांनीच हसून सांगितले. गंमत म्हणजे वसाहतीतल्या एका रस्त्याला सेजब्रशचेच नाव दिलेले आहे, आणि त्या रस्त्यावर सेजब्रशची एक काडी नाही.

बॉइसी ज्या जिल्ह्यात आहे त्या एडा जिल्ह्याची लोकसंख्या १९९० साली २,०५,७७५ होती, २०२० च्या जनगणनेत ती ४,९४,९६७ झाली. तीस वर्षांत दुपटीहून जास्त. ही माणसे राहणार कुठे? सपाटी भरली की टेकडी. वाळूच्या टेकड्या बांधकामाला लागणाऱ्या वाळूसाठीही खणल्या जातात. म्हणजे घर वर चढले तरी कांदा जातो, आणि घर खाली राहून त्याला वाळू लागली तरी कांदा जातो.

दुसरा शत्रू गवताचा. एकोणिसाव्या शतकात धान्याच्या बियाण्यात मिसळून, गुराढोरांबरोबर, जुन्या जगातून एक गवत अमेरिकेत आले. त्याला तिकडे 'चीटग्रास' म्हणजे ठकगवत म्हणतात. नाव योग्य आहे. हे वसंतात सगळ्यांच्या आधी उगवते, ओल पिऊन टाकते आणि जूनच्या सुरुवातीलाच वाळून सरपण होते. एक ठिणगी पडली की टेकडी पेटते. सेजब्रश जळाला की बुडापासून फुटत नाही, बी पडून नव्याने यावा लागतो, त्याला वर्षे लागतात. ठकगवत मात्र पुढच्याच पावसात हजर! मग पुन्हा आग. २०१६ साली फटाक्याने टेबल रॉक नावाच्या डोंगराला आग लागली, अडीच हजार एकरांच्या आसपास रान जळाले. त्यानंतर गावकऱ्यांनी रोपे लावली. आमची मुलगी आणि जावईही एका शरदात रोपे लावून आले आहेत. हे तिने आम्हाला कधी सांगितले नव्हते. त्या चहानंतर सांगितले.

गावाने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २००१ साली बॉइसीच्या मतदारांनी स्वतःवर जादा कर बसवून घेण्याच्या बाजूने मत दिले. दोन वर्षांत एक कोटी डॉलर उभे करायचे आणि टेकड्यांची जमीन बिल्डरांच्या आधी शहराने घ्यायची, असा तो ठराव. २०१५ साली पुन्हा तसेच मतदान झाले, तेही मंजूर झाले. स्वतःची पट्टी स्वतः वाढवून घेणारे लोक आम्ही पहिल्यांदाच पाहिले! ज्या उतारावर आम्ही बगळ्यासारखे उभे राहिलो तो उतार शिल्लक आहे तो अशाच कारणाने. पण कांदा सरकारी जमीन कुठली आणि खासगी कुठली हे बघून उगवत नाही. केंद्राच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत त्याचे नाव नाही. सरकारी जमिनींचे खाते त्याला 'संवेदनशील' मानून जपते, खासगी उतारावर मालकाची मर्जी.

त्या रात्री मायलेकींचे बोलणे आम्ही जिन्यावरून ऐकले. मुलगी म्हणत होती, "आई, आम्ही नसतं घेतलं तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं." आमची पत्नी म्हणाली, "घर चांगलं आहे बाई. घर वाईट आहे असं कोण म्हणतंय? मी आपली कांद्याचं म्हणत होते." मग बराच वेळ भांडी लावल्याचा आवाज.

जूनच्या पहिल्या आठवड्यात जावयांनी आम्हाला पश्चिमेकडे, स्नेक नदीच्या बाजूला पार्मा आणि नायसा या भागात नेले. तासाभराचा रस्ता. आणि काय सांगावे, तिथे कांद्याची शेते! डोळा पुरणार नाही एवढी. आयडाहो आणि ओरेगनच्या सीमेवरचा हा पट्टा अमेरिकेतल्या मोठ्या कांदा पट्ट्यांपैकी एक आहे. पाऊस नाहीच, सगळे धरणांचे पाणी. बॉइसी नदीवरचे अ‍ॅरोरॉक धरण १९१५ साली पुरे झाले तेव्हा जगातले सर्वांत उंच होते, म्हणे. तिकडे रोपे लावत नाहीत, यंत्राने सरळ बीच पेरतात. लावणीच नाही हे ऐकून आमची पत्नी रस्त्याच्या कडेला थांबून राहिली. शेतात दहा-बारा माणसे, त्यात बायकाही, लांब दांड्याच्या कुदळ्यांनी तण काढत होती. जावई म्हणाले, बहुतेक मेक्सिकोकडची. "वाकावं लागत नाही यांना," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "ऊन मात्र तेच." एका बाईने हात वर केला, हिनेही केला.

त्या शेतातला कांदा आणि आपला लासलगावचा कांदा एकाच जातीचे. गंमत अशी की ती जात रानात आता कुठेच आढळत नाही. तिचे मूळ मध्य आशियाकडचे मानतात, पण हजारो वर्षे माणसाच्या हातीच वाढल्यामुळे ती फक्त शेतातच उरली. माणसाने लावले नाही तर ती संपेल. टेकडीवरच्या कांद्याचे नेमके उलटे. त्याला फक्त जागेवर राहू दिले पाहिजे.

निघण्याच्या आदल्या दिवशी, जूनच्या अखेरीस, आमची पत्नी म्हणाली, "एकदा ते रोप बघून येऊ." ऊन मी म्हणत होते. आम्ही दोघे, मुलगी आणि नात गेलो. ठकगवत वाळून तांबूस झाले होते, काड्या मोज्यांत शिरत होत्या. चार गोटे सापडले. मध्ये काही नव्हते, नुसती वाळू. तिचा चेहरा पडला. मग मुलीने आजूबाजूला दाखवले, तिथेही काही नव्हते. जिथे एप्रिलमध्ये पंधरा-वीस झुबके होते तिथेही फक्त वाळू. बी सांडून, पाने वाळून, सगळेच जमिनीखाली गेले होते. उघडे केलेले कोणते, आणि न केलेले कोणते, आता कसे कळणार?

"उकरून बघू?" नातीने विचारले.

"हात तोडीन," आजी म्हणाली.

गोटे तिथेच ठेवून आम्ही उतरलो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये एका पहाटे मोबाईलवर फोटो आला. चार गोटे, त्यातला एक सरकलेला. मध्ये दोन पाने आणि गुलाबी झुबका. आमची पत्नी तो फोटो बोटांनी मोठा करून करून बराच वेळ बघत होती. मग मुलीला फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गोटे तेच आहेत ना गं? का दुसऱ्या रोपाला लावून फोटो काढलास?"

पलीकडून मुलगी हसत होती. नात ओरडून सांगत होती, की तेच आहेत, तिने मोजले आहेत.